मूळ फोटो समोर हवा

लग्नाच्या अल्बमचं एक शीट १२ बाय ३६ इंचांचं असतं. लॅबला ते ३०० डीपीआयमध्ये (दर इंचाला ३०० ठिपके) पाठवायचं म्हटलं की आडवे १०,८०० आणि उभे ३,६०० पिक्सेल होतात. म्हणजे जवळजवळ ३ कोटी ८९ लाख ठिपके. आपल्याकडे बहुतेक स्टुडिओत जो फुल एचडी मॉनिटर असतो त्याच्यावर १,९२० बाय १,०८० म्हणजे वीस-एकवीस लाखच मावतात. ते शीट ठिपक्याला ठिपका असं सलग बघायचं तर एका ओळीत साडेपाचहून जास्त मॉनिटर, आणि अशा तीनहून जास्त ओळी मांडाव्या लागतील.

हा हिशेब मी स्टुडिओत शिकायला येणाऱ्या नव्या मुलांना नेहमी सांगतो, कारण फोटो एडिट करायला दोन मॉनिटर कशासाठी असं विचारलं की सगळे जागेबद्दलच बोलतात. जागा मिळते हे खरंच आहे. फोटोशॉपची लेयर, हिस्ट्री, ब्रशची सगळी पॅनल उचलून दुसऱ्या मॉनिटरवर टाकली की समोर फक्त फोटो उरतो. एका बाजूला सिलेक्शनचं फोल्डर, दुसऱ्या बाजूला शीट, हातातला फोटो उचलायचा आणि पलीकडे सोडायचा. सीझनमध्ये यात किती वेळ वाचतो ते काम करणाऱ्यालाच कळतं. पण नुसती जागाच हवी असेल तर एक मोठा मॉनिटर घेतला तरी भागतं. मी दोन ठेवतो ते दुसऱ्याच कारणासाठी.

मला मूळ फोटो सतत डोळ्यासमोर लागतो. कॅमेऱ्यातून आला तसा, हात न लावलेला.

याचं कारण आपल्या डोळ्यांत आहे. डोळा कोणत्याही उजेडाला फार लवकर सरावतो. पिवळ्या बल्बखाली ठेवलेला पांढरा कागद मिनिटा-दोन मिनिटांत आपल्याला पांढराच दिसायला लागतो, तो पिवळा पडलाय हे जाणवतच नाही. रोजच्या जगण्यात ही देणगीच आहे. फोटो एडिट करणाऱ्याला मात्र ती नडते. हळदीचा फोटो उघडावा, चेहरा जरा पिवळा वाटतो म्हणून निळ्याकडे सरकवावा, मग ओठ फिके वाटतात म्हणून लाल वाढवावा, मग मागचा मंडप काळवंडला म्हणून उजेड चढवावा. प्रत्येक पायरी त्या घडीला बरोबरच वाटते, कारण डोळा मागच्या पायरीला सरावलेला असतो. दहा मिनिटांनी जे तयार होतं त्याचा आणि त्या दिवशीच्या अंगणाचा काही संबंध उरत नाही, आणि करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. कंट्रोल झेड दाबून मागे जाता येतं, लाइटरूममध्ये बॅकस्लॅश दाबून आधीचं-नंतरचं बघता येतं, मान्य आहे. पण ते बघायची आठवण झाली तरच आपण बघतो. मूळ फोटो शेजारी उभाच असेल तर नजर आपोआप तिकडे जाते.

आपल्या खान्देशातली लग्नं फोटोग्राफरसाठी अवघड असतात. चाळीसगाव, पाचोरा, अमळनेर, पारोळा, कुठेही घ्या. अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पुढेमागे तिथी दाट असतात. पारा ४३-४४ वर गेलेला असतो आणि दुपारचा उजेड इतका पांढरा असतो की अंगणात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. संध्याकाळी तोच माणूस मंडपात जांभळ्या-हिरव्या एलईडीखाली येतो. हळदीला पिवळ्या मंडपात पिवळी साडी, अंगावर हळद, आणि त्या सगळ्या पिवळ्याची झळाळी हनुवटीखाली, गळ्यावर, कानामागे. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून आपोआप रंग जुळवणारी सोय, अशा वेळी गोंधळतो. पिवळं जास्त आहे म्हणून तो सगळंच निळ्याकडे ढकलतो आणि हळद लिंबासारखी दिसायला लागते. इथे एडिट करणाऱ्यानं हात घालायलाच हवा. फक्त हात घालताना समोरचं माणूस कोणत्या रंगाचं आहे याचा विसर पडता कामा नये.

कारण माणूस हा या सगळ्यातला मुख्य मुद्दा आहे. आमच्याकडे फोटोतली निम्मी मंडळी कापूस वेचणारी, केळीच्या बागेत राबणारी, कांदा काढणारी असतात. त्यांच्या कातडीत उन्हाचा तांबूस-काळसर रंग मुरलेला असतो आणि तो एकसारखा नसतो. कपाळ काळं, पदराखालचा कानाजवळचा भाग उजळ, हात चेहऱ्यापेक्षा दोन छटा गडद. सॉफ्टवेअरला हे सगळं डाग वाटतं. रंगीत फिल्मच्या काळात लॅबवाल्यांना रंग जुळवायला कोडॅककडून जी कार्डं येत, त्यांवर गोऱ्या बाईचा फोटो असे. शर्ली कार्ड म्हणत त्यांना. गोरा चेहरा नीट आला की रंग जुळला, असा तो हिशेब होता. फिल्म गेली, कार्डं गेली, तरी त्या हिशेबाची सवय गेलेली नाही. आजही एका क्लिकमध्ये चेहरा ‘सुंदर’ करणारी जी साधनं मिळतात त्यांतली बरीचशी त्याला उजळ आणि गुळगुळीत करून टाकतात. आणि गिऱ्हाईकही म्हणतं, भाऊ, जरा गोरं करा.

गेल्या काही वर्षांतला एक प्रसंग सांगतो. शेजारच्या गावातलं एक कुटुंब स्टुडिओत आलं. आजी वारल्या होत्या आणि गंधमुक्तीच्या कार्यक्रमासाठी मोठी फ्रेम हवी होती. आजींचा अलीकडचा चांगला फोटो एकच, नातवाच्या लग्नातला, दुसऱ्या कुणी काढलेला आणि एडिट केलेला. पेनड्राइव्हमध्ये तो होता. उघडला. फोटो धारदार होता, उजेड छान होता, आजी हसत होत्या. बरोबर आलेल्या त्यांच्या लेकीनं स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, “हाई मन्ही माय नही शे. गोंदन कोठे गयं?”

आजींच्या हनुवटीवर गोंदण होतं. तीन हिरवट ठिपके, आणि कपाळावर कुंकवाच्या खाली एक. आमच्याकडच्या जुन्या बायांच्या चेहऱ्यावर असतंच. चेहरा गुळगुळीत करताना मुरुमांबरोबर, तिळांबरोबर तेही पुसलं गेलं होतं. कातडीवर जिथे जिथे गडद ठिपका तिथे तिथे आजूबाजूचा रंग ओढून भरायचा, एवढंच त्या साधनाला माहीत. ज्यांनी ते केलं त्यांनी बहुधा फोटो मोठा करून बघितलासुद्धा नसेल. मूळ फाइल मागवली, ती ठेवलेली नव्हती.

मग त्या घरातल्या एका मुलाच्या जुन्या फोनमध्ये आजींचा एक फोटो सापडला. ओट्यावर बसून वाल सोलताना काढलेला, अंधुक, हललेला. छापण्याच्या लायकीचा नव्हता, पण हनुवटी दिसत होती. तो मी डाव्या मॉनिटरवर मोठा करून ठेवला आणि उजवीकडे लग्नातला उघडला. लेकीला शेजारी खुर्ची दिली. वेगळ्या लेयरवर लहान मऊ ब्रश घेतला, काळा न घेता निळसर हिरवा, अपारदर्शकता तीस टक्क्यांच्या आसपास. जुनं गोंदण कातडीच्या आत असतं, वर बसलेलं नसतं. कडा पसरलेल्या असतात आणि मधला भागही पुरता गडद नसतो. पहिला ठिपका दिला तसं ती म्हणाली, “जरासं खाले.” खाली घेतला. “बस, आठेच.” म्हणजे इथेच. मधला ठिपका बाकीच्या दोघांपेक्षा थोडा डावीकडे होता, हे फोनमधल्या त्या अंधुक फोटोत नीट बघितल्यावर दिसलं. तिला ते न बघताही माहीत होतं. नंतर कपाळावरच्या दोन आठ्या तिच्या सांगण्यावरून परत आणल्या. गालावरची चमक उतरवली आणि डावीकडे बघत बघत कातडीचा रंग तांबूसकडे नेला. तासाभराचं काम होतं. एका स्क्रीनवर ते झालं नसतं असं मी म्हणत नाही. पण खिडक्या वरखाली करत बसलो असतो तर तिची नजर या फोटोवरून त्या फोटोवर अशी जात राहिली नसती, आणि ठिपका नेमका कुठे होता ते तिच्या नजरेनंच सांगितलं.

आता मांडणीबद्दल, कारण हे सगळं मांडणी नीट असली तरच जमतं.

मूळ फोटो एका मॉनिटरवर आणि कामाचा दुसऱ्यावर ठेवून तुलना करायची तर दोन्ही मॉनिटर एकच भाषा बोलले पाहिजेत. नाहीतर आपण दोन फोटोंची तुलना करतोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात दोन मॉनिटरांची करत असतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. एक महागडा आणि एक घरात पडून असलेला जुना, यापेक्षा मध्यम किमतीचे एकाच मॉडेलचे दोन घ्या, शक्यतो एकाच वेळी. पॅनल आयपीएसच हवं. स्वस्त टीएन पॅनलमध्ये मान जरा वरखाली केली तरी चेहऱ्याचा रंग बदलतो आणि शेजारच्या मॉनिटरकडे आपण तिरकेच बघत असतो. एक रुंद गॅमटचा, म्हणजे जास्त रंग दाखवणारा, आणि एक साधा एसआरजीबी या नेहमीच्या रंग-मानकाचा, ही जोडीही तापदायक. त्याच शालूचा लाल रंग एकीकडे पेटल्यासारखा दिसतो आणि दुसरीकडे विटलेला. एसआरजीबी १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं मांडलं. आज आपल्या बहुतेक लॅब आणि गिऱ्हाइकांचे बहुतेक फोन त्याच्याच आसपास चालतात, त्यामुळे अल्बमच्या कामाला ते पुरतं.

केबल जोडताना एक गोष्ट बघा. सीपीयूच्या मागे एचडीएमआयची दोन ठिकाणं असतात, एक मदरबोर्डचं आणि एक खाली आडवं ग्राफिक्स कार्डचं. दोन्ही मॉनिटर कार्डलाच जोडायचे. डिस्प्लेपोर्ट असेल तर उत्तम. एचडीएमआयवर कधी कधी मॉनिटरला टीव्ही समजलं जातं आणि ‘लिमिटेड’ रेंज लागते. मग काळं राखाडी दिसतं आणि माणूस उगाच कॉन्ट्रास्ट चढवत बसतो. ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये ते ‘फुल’ करायचं. विंडोज आणि पी एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडायचं, मग डिस्प्ले सेटिंगमधली दोन चौकटं टेबलावर मॉनिटर जसे आहेत तशी सरकवून त्यांच्या वरच्या कडा जुळवायच्या. हे दोन मिनिटांचं काम आहे.

वेळ द्यायचा तो पांढऱ्याला. मॉनिटर कारखान्यातून येतो तेव्हा डोळे दिपवण्याइतका उजळ असतो, २५० कँडेलाच्या आसपास (कँडेला हे स्क्रीनच्या उजेडाचं माप). छापील अल्बम स्वतः उजेड देत नाही. त्याच्याशी जुळायचं तर मॉनिटर ८० ते १२० कँडेलाच्या दरम्यान आणावा लागतो. ‘लॅबवाल्यानं अल्बम डार्क काढला’ ही आपल्या धंद्यातली सगळ्यात जुनी तक्रार आहे. बहुतेक वेळा लॅबचा दोष नसतो, स्टुडिओतला मॉनिटर दुप्पट उजळ असतो. मॉनिटर अर्धा तास तापू द्या. मग दोन्हीकडे कोरी पांढरी फाइल पूर्ण स्क्रीनवर उघडा आणि जो जास्त उजळ तो खाली आणा. मॉनिटरमधले ‘व्हिव्हिड’, ‘सिनेमा’ असले मोड बंद. विंडोजचा नाइट लाइटही बंद.

यानंतर कॅलिब्रेटर. स्क्रीनवर लटकवायचं हे लहानसं यंत्र रंग मोजतं आणि त्या मॉनिटरचं प्रोफाइल, म्हणजे त्याच्या रंगांची नोंद, तयार करतं. पांढऱ्याची छटा ६५०० केल्व्हिन, मधल्या छटांचा गॅमा २.२, उजेड दोन्हींना सारखाच, आणि प्रोफाइल प्रत्येकाचं वेगळं. एकाच मॉडेलचे, एकाच दिवशी घेतलेले असले तरी बॅकलाइट दोन्हींचे सारखे म्हातारे होत नाहीत, म्हणून महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा मोजायचं. यंत्र महाग वाटतं. चाळीसगाव-पाचोऱ्यासारख्या ठिकाणी चार स्टुडिओंनी मिळून एक घेतलं तरी चालतं, ते काही रोज लागत नाही. मॉनिटर थोडा स्वस्त घ्या, पण या यंत्रावर पैसे वाचवू नका.

लाइटरूम क्लासिकमध्ये एफ ११ दाबलं की दुसरी खिडकी उघडते, ती डाव्या मॉनिटरवर न्यायची. मी प्रत्येक प्रसंगातल्या एका मुख्य फोटोची व्हर्च्युअल कॉपी करतो, रिसेट मारून ती कॅमेऱ्यातून आली तशी करतो आणि दुसऱ्या खिडकीत लॉक करून ठेवतो. मग उजवीकडे कितीही फोटो पुढे सरकले तरी डावीकडे तो एक हलत नाही. फोटोशॉपमध्ये ‘विंडो’, ‘अरेंज’मधून त्याच फाइलची नवी खिडकी काढता येते आणि प्रूफ कलर्स, म्हणजे छापल्यावर रंग कसे येतील ते दाखवणारी सोय, प्रत्येक खिडकीला स्वतंत्र लागते. लॅबनं तिचं प्रोफाइल दिलं असेल तर एका मॉनिटरवर फाइल तशीच आणि दुसऱ्यावर छापल्यावर कशी येईल ती, दोन्ही एकाच वेळी दिसतात. हळदीचा पिवळा कागदावर किती मरतो ते छापण्याआधीच कळतं.

खोलीबद्दल थोडं. आपल्या स्टुडिओंच्या भिंती गुलाबी, पोपटी असतात आणि त्या रंगाची छाया स्क्रीनवर आणि डोळ्यांत पडते. एडिटिंगच्या खोलीला करडा रंग द्या, खिडकीला जाड पडदा लावा, आणि एक ट्यूब कायम तेवढ्याच उजेडाची. दोन्ही मॉनिटर यूपीएसच्या बॅटरीच्या बाजूला जोडा. उन्हाळ्यात आमच्याकडे लाइट जाते ती नेमकी सेव्ह करायच्या आधी.

आमच्या चाळीसगावात स्टेशनजवळच्या बंगल्यात केकी मूस (१९१२ ते १९८९) यांनी अख्खं आयुष्य फोटोग्राफीत घालवलं. टेबलावर छोट्या वस्तू मांडून, हवा तसा उजेड टाकून ते निसर्गदृश्यं उभी करत. त्यांचा बंगला आता कलादालन आहे. तिथे गेलं की कळतं, उजेडावर ताबा मिळवायला भारी स्टुडिओ लागत नाही, एक खोली आणि चिकाटी लागते. आणि मूळ समोर ठेवून काम करण्याची गोष्ट निघाली की मला रॉबर्ट गिल आठवतो. ईस्ट इंडिया कंपनीनं १८४४ साली या लष्करी अधिकाऱ्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करायला पाठवलं. लेण्यांतल्या अपुऱ्या उजेडात भिंतीसमोर कॅनव्हास मांडून तो वर्षानुवर्षं रंगवत बसला. त्यातल्या बऱ्याचशा प्रतिकृती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली लागलेल्या आगीत जळाल्या. पुढे त्यानं कॅमेराही हातात घेतला. १८७९ साली तो वारला, त्याची कबर आपल्या भुसावळात आहे. एका नजरेत भिंत आणि एका नजरेत कॅनव्हास, याखेरीज त्याच्याकडे दुसरं साधन नव्हतं. मला त्याच्याविषयी मनापासून आदर वाटतो. रंग आठवणीवर सोडायचा नाही, हे त्यानं नुसतं बोलून न दाखवता करून दाखवलं.

आता सिलेक्शनला घरची मंडळी आली की मी त्यांना दोन्ही मॉनिटरांसमोर बसवतो. डावीकडे मूळ, उजवीकडे केलेला. नवरीची आई, मावशी, आत्या, सगळ्या बघतात. पूर्वी ‘गोरं करा’ म्हणणाऱ्यांतल्या बऱ्याच जणी दोन्ही शेजारी शेजारी बघितल्यावर गप्प होतात आणि मग म्हणतात, राहू द्या तसंच. काही जणी तरीही आग्रह धरतात, आणि त्यांचंही ऐकावं लागतं, फोटो त्यांचा आहे. तेव्हा मी उजेड आणि रंग वेगळे ठेवतो. चेहऱ्यावरचा उजेड तिसरा हिस्सा स्टॉप, फार तर अर्धा स्टॉप वाढवतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), डोळ्यांखालची सावली हलकी करतो, पण कातडीतला लाल-पिवळ्याचा तोल आणि तिची गर्दता यांना हात लावत नाही. फोटो उजळतो आणि माणूस तेच राहतं. हे केल्यावर पुन्हा दोन्ही दाखवतो. मान हलवली की शीटमध्ये घालतो. नाही हलवली तर आणखी थोडा उजेड, पण तीळ आणि गोंदण जिथल्या तिथे.